गोगलगायीची चरबी नेमकी असते कुठे? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शंखी गोगलगायीवर जो लेख आला होता, त्यात ‘या प्राण्याच्या अंगात चरबी नगण्य असते’ असे एक वाक्य होते. लेखाचा विषय पिकांचे नुकसान हा होता आणि ते वाक्य ओघात आले होते. परंतु बहुतेक पत्रे त्याच वाक्यावर आली. प्रश्न चांगले आहेत, आणि जमिनीवरील गोगलगायींच्या स्निग्ध पदार्थांविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

प्रश्न : २०२२ च्या खरिपात आमच्या भागात या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. पाऊस संपला की त्या बांधाच्या कडेला, दगडांखाली, मातीत जाऊन बसतात आणि पुढच्या पावसापर्यंत काही खात नाहीत. अंगात चरबी नाही, तर मग इतके महिने त्या जगतात कशावर? – एक शेतकरी, लातूर जिल्हा

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. दीर्घ उपवास म्हटला की आपल्याला चरबीचा साठा आठवतो, कारण अस्वलापासून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांपर्यंत आपल्या ओळखीचे बहुतेक प्राणी त्याच मार्गाने जातात. गोगलगायीचा मार्ग वेगळा आहे. तिचा मुख्य साठा ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबलचक फांद्यांचा असतो, आणि तो पाचकग्रंथीत, पायाच्या स्नायूत व प्रावाराच्या (शंखाच्या आतल्या मऊ आवरणाच्या) ऊतीत विखुरलेला असतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात बर्नार्ड रीस आणि स्टीव्हन हँड यांनी ओरिओहेलिक्स या डोंगरी गोगलगायीच्या ग्रीष्मनिद्रेचा, म्हणजे कोरड्या काळातील निपचित अवस्थेचा, हिशेब मांडला आणि तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना आढळले की सुरुवातीला प्राणी साखरेच्या या साठ्यावर जगतो, तो संपत आला की स्वतःची प्रथिने मोडू लागतो, आणि चरबी मात्र सगळ्या काळात अगदी संथपणे, थोडी थोडी वापरली जाते. आपल्या शेतातील गोगलगाय दुसऱ्या कुळातील आहे हे खरे; पण साखर आधी आणि चरबी नावापुरती, हा क्रम जमिनीवरील इतर गोगलगायींतही दिसलेला आहे.

असे का असावे, याचा विचार करताना थोडे आकडे उपयोगी पडतात. एक ग्रॅम चरबी पूर्ण जळाली तर सुमारे ३९ किलोज्यूल ऊर्जा आणि १.०७ ग्रॅम पाणी मिळते. एक ग्रॅम ग्लायकोजेनमधून सुमारे १७ किलोज्यूल ऊर्जा आणि ०.५६ ग्रॅम पाणी मिळते. वरवर पाहता चरबीच सरस वाटते. परंतु तेवढ्याच ऊर्जेमागे किती पाणी मिळाले, हे मोजले तर चित्र उलटते : शंभर किलोज्यूलमागे चरबी सुमारे २.७ ग्रॅम पाणी देते, तर ग्लायकोजेन सुमारे ३.३ ग्रॅम. शिवाय तेवढ्याच ऊर्जेसाठी चरबीला ऑक्सिजन किंचित जास्त लागतो, आणि ऑक्सिजन घ्यायचा तर श्वसनरंध्र उघडावे लागते व त्या वाटेने बाष्प निसटते. शंखाचे तोंड वाळक्या पडद्याने बंद करून बसलेल्या प्राण्याला ऊर्जेपेक्षा पाण्याची चिंता अधिक असते. आणखी एक गोष्ट अशी की, ऑक्सिजन अपुरा पडला तर साखरेपासून थोडीफार ऊर्जा काढता येते. चरबीपासून ती मुळीच काढता येत नाही.

ग्लायकोजेनचा तोटा म्हणजे त्याचे वजन, कारण ते आपल्यासोबत पाणी धरून ठेवते. उडणाऱ्या किंवा धावणाऱ्या प्राण्याला हे ओझे परवडत नाही, म्हणून तो चरबी साठवतो. पाठीवर चुनखडीचा शंख वाहून नेणाऱ्या प्राण्याला त्या ओझ्याचे काय? हे शेवटचे माझे अनुमान आहे, पण मला ते पटते.

अंड्यांतही हाच नियम दिसतो. कोंबडीच्या अंड्यातील पिवळ्या बलकात सुमारे तीस टक्के स्निग्ध पदार्थ असतात आणि पिल्लू मुख्यतः त्यावर वाढते. गोगलगायीच्या अंड्यात भ्रूणाचा शिधा म्हणून गॅलॅक्टोजेन नावाची, गॅलॅक्टोज या साखरेपासून बनलेली बहुशर्करा भरलेली असते. ती मादी-अवयवांपैकी श्वेतकग्रंथीत तयार होते, आणि पिल्लू बाहेर पडल्यावरही काही काळ तिच्यावर निभावते.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा की, पहिल्या पावसात बाहेर पडणारी गोगलगाय साठा रिकामा करून आलेली असते. ती आधी खाते, मग मीलन करते, मग शंभराहून अधिक अंडी मातीत घालते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधाजवळ ठेवून सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचण्याचा उपाय अंडी घालण्याच्या आधीच्या त्या काही दिवसांत केला, तरच त्याचे पुरेपूर फळ मिळते. वेचताना हातमोजे घालावेत, हे पुन्हा एकदा सांगतो.

प्रश्न : लिनोलेइक आम्ल प्राण्यांना स्वतः तयार करता येत नाही, ते आहारातूनच मिळवावे लागते, असे आमच्या जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात ठामपणे लिहिले आहे. गोगलगाय पाने खाते. मग तिच्या अंगातील सगळे लिनोलेइक आम्ल पानांतूनच आले असे समजावे का? आणि कोलेस्टेरॉलचे काय? – एम.एस्सी. (प्राणिशास्त्र) ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या पुस्तकातील विधान माणसाबाबत आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबाबत योग्य आहे. ‘प्राणी’ या शब्दात सगळ्यांना ओढले की ते चुकते, आणि गोगलगाय हे त्याचे सुंदर उदाहरण आहे.

आधी रचना लक्षात घेऊ. लिनोलेइक आम्ल हे एक मेदाम्ल, म्हणजे स्निग्ध पदार्थांचा साखळीसारखा घटक आहे. अठरा कार्बनांची सरळ साखळी असलेल्या स्टिअरिक आम्लात नवव्या कार्बनापाशी एक दुहेरी बंध घातला की ओलेइक आम्ल होते. हे काम आपले शरीरही करते. त्यापुढे, बाराव्या कार्बनापाशी दुसरा दुहेरी बंध घातला की लिनोलेइक आम्ल होते, आणि पंधराव्यापाशी तिसरा घातला की वनस्पतींच्या हिरव्या भागात विपुल असणारे अल्फा-लिनोलेनिक आम्ल होते. बारावी आणि पंधरावी जागा आपल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) आवाक्याबाहेर आहे. म्हणूनच ही दोन मेदाम्ले आपल्याला ‘आवश्यक’ ठरतात.

१९९३ मध्ये वाइनर्ट, ब्लॉमक्विस्ट आणि बोर्गेसन यांनी एक लहानसा, पण माझ्या मते फार मोलाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. ब्लॉमक्विस्ट यांच्या गटाने त्याआधी झुरळ आणि रातकिडा यांसारखे काही कीटक लिनोलेइक आम्ल स्वतः बनवतात हे दाखवले होते. तोच प्रश्न त्यांनी आता जमिनीवरील एका बिनशंखी गोगलगायीला आणि बागेतील सामान्य शंखी गोगलगायीला विचारला. खुणेचा कार्बन असलेले पूर्वद्रव्य प्राण्याला द्यायचे, काही काळाने त्याच्या ऊतींतील मेदाम्ले वेगळी करायची आणि ती खूण लिनोलेइक आम्लात उतरली आहे का हे पाहायचे, अशी ही पद्धत आहे. खूण उतरली होती. म्हणजे दोन कार्बनांच्या अ‍ॅसिटेटपासून सुरुवात करून लिनोलेइक आम्लापर्यंतचा सगळा रस्ता या प्राण्यांत उपलब्ध आहे.

अशा प्रयोगावर एक रास्त आक्षेप नेहमी घेतला जातो : हे काम प्राण्याने केले की त्याच्या आतड्यातील जीवाणूंनी? त्याचे उत्तर जनुकांकडून मिळते. २०१८ मध्ये नाओकी काबेया, ओस्कार मोनरोइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या जनुकसंचांत शोध घेतला. प्रवाळांचे नातेवाईक, वलयी कृमी, मृदुकाय (गोगलगायी-शिंपल्यांचा गट) अशा अनेक गटांत, साखळीच्या टोकाकडील बाजूस दुहेरी बंध घालणाऱ्या विकरांची जनुके त्यांना सापडली, आणि त्यांतील काही विकरे यीस्टमध्ये घालून ती खरोखर काम करतात हेही त्यांनी दाखवले. बहुअसंतृप्त ओमेगा-३ मेदाम्ले फक्त वनस्पती आणि सूक्ष्मजीव तयार करतात व बाकी सगळे ती खातात, ही जुनी मांडणी त्यानंतर तशीच ठेवता येत नाही.

आता पानांकडे वळू. पानातील बहुतेक स्निग्ध पदार्थ हरितलवकांच्या पटलांत असतात. ते गॅलॅक्टोज जोडलेले लिपिड असतात आणि त्यांत अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा मोठा वाटा असतो. गोगलगाय ही पाने खाते, तरी तिच्या ऊतींचे विश्लेषण केले की पानाची प्रतिकृती मिळत नाही. तिथे लिनोलेइक आम्ल, त्यात दोन कार्बन वाढवून झालेले वीस कार्बनांचे व दोन दुहेरी बंधांचे आम्ल, आणि चार दुहेरी बंधांचे ॲराकिडोनिक आम्ल ठळकपणे दिसतात. समुद्री मृदुकायांत भरपूर असणारी लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले मात्र जमिनीवरील गोगलगायींत तुलनेने थोडी असतात. आहाराचा ठसा असतोच. पण प्राणी आलेला माल तसाच भरून ठेवत नाही, तर निवडतो, लांबवतो, मोडतो आणि गरज पडली तर मुळापासून घडवतो.

हे सगळे कशासाठी? कारण गोगलगायीच्या स्निग्ध पदार्थांचा मोठा भाग ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे साठवणीच्या चरबीच्या, थेंबांत नसून पेशीपटलांत फॉस्फोलिपिडच्या, म्हणजे फॉस्फरसयुक्त स्निग्ध रेणूंच्या, रूपाने असतो. फॉस्फॅटिडिलकोलीन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइन हे त्यांतील दोन प्रमुख. पटलातील मेदाम्ल हे इंधन नव्हे, तो बांधकामाचा भाग असतो, आणि त्याची निवड पेशीला हवी तशी काटेकोर ठेवावी लागते. ‘चरबी नगण्य’ हे गेल्या अंकातील वाक्य साठ्याच्या अर्थाने बरोबर होते. स्निग्ध पदार्थांचे महत्त्व नगण्य आहे, असा अर्थ त्यातून कुणी काढू नये.

ॲराकिडोनिक आम्लाला याखेरीज निरोप्याचे कामही असते. १९८७ मध्ये एरिक कँडेल यांच्या प्रयोगशाळेत समुद्री गोगलगाय अॅप्लिसियाच्या चेतापेशींवर काम झाले, आणि या आम्लापासून बनणारे पदार्थ चेतापेशीतील संदेशवाहक म्हणून वागतात, हे तेव्हा दाखवले गेले. ती जमिनीवरची नव्हे, पण याच वर्गातील चुलत बहीण आहे.

कोलेस्टेरॉलबाबत थोडक्यात. पानांत सिटोस्टेरॉलसारखी वनस्पतिजन्य स्टेरॉल असतात, तरी जमिनीवरील गोगलगायीत प्रमुख स्टेरॉल कोलेस्टेरॉलच असते. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे फोग्ट आणि फान डेर होर्स्ट यांनी १९७० च्या आसपास सेपिया नेमोरॅलिस या पट्टेदार गोगलगायीवर जे काम केले, त्यावरून हे प्राणी अ‍ॅसिटेटपासून स्टेरॉल स्वतः तयार करू शकतात असे दिसून आले. कीटकांना हे जमत नाही. त्यांना स्टेरॉलचा सांगाडा आहारातूनच घ्यावा लागतो. एकाच रोपावर अळी आणि गोगलगाय शेजारी शेजारी खात असतात, पण त्या पानावरचे त्यांचे अवलंबित्व किती वेगळे असते, हे आपण प्रबंधात जरूर मांडावे.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहते. हिवाळ्यात आमच्या बागेच्या भिंतीच्या फटीत तपकिरी गोगलगायी घोळक्याने चिकटून निपचित बसतात. एवढ्या थंडीत त्यांच्या अंगातील स्निग्ध पदार्थ थिजत कसे नाहीत? – एक वाचक, लीड्स

उत्तर : त्या बहुधा कॉर्नू अ‍ॅस्पर्सम असाव्यात, ज्यांना जुन्या पुस्तकांत हेलिक्स अ‍ॅस्पर्सा म्हणत. थिजण्याचा धोका खराच असतो. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठते आणि करडईचे तेल मात्र ओतता येते, हा आपल्या घरातला अनुभव आहे. फरक दुहेरी बंधांचा असतो. दुहेरी बंधापाशी मेदाम्लाची साखळी वाकते आणि वाकलेल्या साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून बसू शकत नाहीत. ज्यांचे शरीर भोवतालच्या हवेइतकेच थंड किंवा उष्ण होते, असे बहुतेक प्राणी पटलातील या वाकलेल्या साखळ्यांचे प्रमाण कमीजास्त करून पटल प्रवाही ठेवतात. वर सांगितलेली मेदाम्ले घडवण्याची क्षमता गोगलगायीला इथे उपयोगी पडत असली पाहिजे.

परंतु निद्रेतील गोगलगायीची त्याहून विलक्षण गोष्ट तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत), म्हणजे पेशीच्या ऊर्जा तयार करणाऱ्या भट्ट्यांत, सापडते. तंतुकणिकेच्या आतल्या पटलात कार्डिओलिपिन नावाचे, दोनऐवजी चार मेदाम्ले असलेले फॉस्फोलिपिड असते आणि श्वसनसाखळीतील सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर त्याच्या सान्निध्यातच नीट चालते. कॅनडात जेफ्री स्टुअर्ट, टॉड गिलिस आणि जेम्स बॅलंटाइन यांनी सेपिया नेमोरॅलिसला काही आठवडे ग्रीष्मनिद्रेत ठेवून तिच्या पाचकग्रंथीतील तंतुकणिका तपासल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामानुसार निद्रिस्त गोगलगायीत कार्डिओलिपिन फार मोठ्या प्रमाणात घटलेले होते आणि त्या विकराची क्रियाही तशीच खाली आली होती. म्हणजे प्राणी केवळ भट्टीची हवा कमी करत नाही. तो भट्टीच्या भिंतीच बदलतो.

याचा फायदा समजून घेण्यासारखा आहे. तंतुकणिकेच्या पटलातून प्रोटॉन सतत थोडे थोडे गळत असतात आणि ती गळती भरून काढण्यात ऊर्जा खर्च होते. काहीही न करता बसलेल्या प्राण्याच्या खर्चात हा वाटा लक्षणीय असतो. पटलाची रचना बदलून आणि श्वसनाचा वेग मुळातच उतरवून गोगलगाय तो खर्च आटोक्यात ठेवते. आपण पाहता ती शीतनिद्रा आणि हा प्रयोग ग्रीष्मनिद्रेचा, हा फरक मात्र ध्यानात ठेवावा.

प्रश्न : गोगलगायीच्या स्रावाचे क्रीम बाजारात मिळते. त्यात तिची चरबी असते का? आणि मांस माशांसारखे ओमेगा-३ देते का? – एक गृहिणी, पुणे

उत्तर : दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. स्राव बहुतांशी पाणी असतो आणि त्यात शर्करायुक्त प्रथिने असतात. क्रीमला जो स्निग्धपणा जाणवतो तो त्यात मिसळलेल्या इतर घटकांचा असतो. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १६ ग्रॅम प्रथिने आणि अवघी १.४ ग्रॅम चरबी असते, आणि त्या थोड्या चरबीतही सागरी माशांतील लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले कमीच. शेतातून वेचलेली शंखी गोगलगाय खाण्याचा विचार कुणीही करू नये. तिच्यात उंदराच्या फुप्फुसातील कृमीच्या अळ्या असू शकतात, ज्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणतात, आणि शेतात टाकलेले मेटाल्डिहाइडही तिच्या पोटात असू शकते.

प्रश्न : महाविद्यालयातील प्रकल्पासाठी मला गोगलगायीच्या पायातील आणि पाचकग्रंथीतील लिपिडांची तुलना करायची आहे. पहिल्या प्रयत्नात अर्क हिरवा आला आणि दोन थर नीट वेगळे झाले नाहीत. कुठे चुकते आहे? – एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : हिरवा रंग पानांचा आहे. पाचकग्रंथीत अर्धवट पचलेला हिरवा माल असतो आणि त्यातील हरितद्रव्य व गॅलॅक्टोलिपिड अर्कात उतरतात. मग आपण गोगलगायीचे नव्हे, तिच्या जेवणाचे विश्लेषण करतो. प्राणी दमट डब्यात एक-दोन दिवस उपाशी ठेवावेत, विष्ठा रोज काढावी आणि मगच शवविच्छेदन करावे. त्याहून जास्त दिवस ठेवू नये, नाहीतर प्राणी पडदा धरून निद्रेत जाईल आणि तुलनाच बदलेल.

थर वेगळे न होण्यामागे बहुधा श्लेष्म, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत स्राव, आहे. शंख काढल्यावर पाय थंड क्षारजलात दोन-तीनदा धुऊन, टिपकागदावर टिपून घ्या. पाण्याचे वजन लक्षात घेणेही तितकेच आवश्यक आहे, कारण ब्लाय आणि डायर यांच्या १९५९ च्या पद्धतीत क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी हे सुरुवातीस १ : २ : ०.८ आणि शेवटी २ : २ : १.८ असे असावे लागते, आणि त्या ‘पाण्यात’ ऊतीतील पाणीही धरायचे असते. गोगलगायीचा पाय फार पाणीदार असतो. वरून मोजून ओतलेले पाणी तेवढेच ठेवले तर प्रमाण बिघडते. फोल्च यांची १९५७ ची २ : १ क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची पद्धतही चालेल, तीत शेवटी पाण्याऐवजी सौम्य मिठाच्या द्रावणाने धुतले तर थर स्वच्छ पडतात. अर्क नायट्रोजनखाली, अंधारात आणि थंड ठेवावा, कारण चार दुहेरी बंधांचे ॲराकिडोनिक आम्ल हवेत लवकर खराब होते.

सिलिकाच्या पातळ थरावर अर्क चढवला की दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्या. मृदुकायांच्या फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमाइनमध्ये प्लाझ्मॅलोजेन या प्रकाराचा मोठा वाटा असतो. त्यातील एक साखळी एस्टरने नव्हे तर व्हायनिल ईथर बंधाने जोडलेली असते आणि आम्लाचा स्पर्श होताच ती तुटते. मेदाम्लांचे मिथिल एस्टर करताना आम्ल वापरले तर या साखळ्यांपासून डायमिथिल अॅसिटल तयार होतात आणि वायुवर्णलेखात (गॅस क्रोमॅटोग्राफीच्या आलेखात) अनोळखी शिखरे म्हणून उमटतात. त्यांना अशुद्धी समजून वगळू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे सिरॅमाइड अॅमिनोइथिलफॉस्फोनेट. आपल्या नेहमीच्या फॉस्फोलिपिडांत फॉस्फरस ऑक्सिजनमार्फत कार्बनाला जोडलेला असतो, तर या रेणूत तो थेट कार्बनाला जोडलेला असतो आणि तो बंध विकरांना व सौम्य रासायनिक उपचारांना सहजी दाद देत नाही. मृदुकाय प्राण्यांत हा गट अनेक ठिकाणी आढळतो. अर्काचा एक भाग सौम्य अल्कलीने उपचारित करा : एस्टर बंधांची, ग्लिसरॉलवर आधारलेली फॉस्फोलिपिडे मोडून जातील आणि स्फिंगोलिपिडे (हा रेणू त्यांतलाच) शिल्लक राहतील. उपचाराआधीचा आणि नंतरचा असे दोन ठिपके एकाच पट्टीवर शेजारी चढवले, तर दोन्ही अवयवांत काय टिकले ते आपल्याला थेट दिसेल; आणि फॉस्फरसचे मापन करताना पर्क्लोरिक आम्लासारखे तीव्र पचन शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे.